फॉर्मवर मी ‘नाही’ असे लिहिले होते

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी जून २०१८ पासून लेखा विभाग सांभाळत होते. कारखाना विद्युत पॅनेलच्या पेट्या बनवतो आणि विभाग म्हणजे मी व एक मदतनीस मुलगा, इतकाच होता. मी रुजू झाले तेव्हा जीएसटी लागू होऊन वर्षही पुरे झाले नव्हते, आणि त्या काळातला हिशेबाचा गोंधळ निस्तरण्याचे काम मी मनापासून केले. मालकांनी त्याची कदर केली नाही असे मी म्हणणार नाही. परंतु २०२२ नंतर पगारवाढ थांबली, काम मात्र वाढत राहिले, आणि टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीच्या पलीकडे काही शिकायला मिळेल अशी शक्यता तिथे उरली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये मी दुसरी नोकरी शोधायचे ठरवले. घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जात असल्यामुळे आधी राजीनामा देऊन मग शोधणे मला परवडणारे नव्हते.

लेखा विभागातल्या माणसाचा महिना तारखांनी बांधलेला असतो. ७ तारखेला टीडीएस (उगमस्थानी कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण), १५ ला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याच्या जीएसटीचे विवरण), आणि महिनाअखेरीस पगारपत्रक. त्यामुळे मुलाखतीसाठी रजा मागायची तर ती २१ ते २६ या सहा दिवसांतच मागता येत होती, आणि त्यातही मार्च-एप्रिल हे दोन महिने वर्षअखेरीच्या कामात गेले. मला बोलावणाऱ्यांना मी ही अडचण पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगत असे. काहींनी ती समजून घेतली, काहींनी पुन्हा फोन केला नाही.

खरी काळजी गुप्ततेची होती. नागपूरचे उद्योगविश्व दिसते त्यापेक्षा लहान आहे. हिंगणा आणि बुटीबोरी या दोन वसाहती मिळून कारखाने पुष्कळ असले, तरी त्यांना पत्रा विकणारे व्यापारी, पावडर कोटिंग करून देणारे, मालवाहतूकदार आणि सनदी लेखापाल बहुतेक तेच ते असतात, आणि सकाळी एका कारखान्यात बोललेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत दुसऱ्या कारखान्यात पोहोचलेली असते. नोकरी डॉट कॉमवर माहिती भरताना आपल्या सध्याच्या कंपनीला ती दिसू नये अशी सोय आहे, ती मी वापरली. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ ही खूण केवळ भरती करणाऱ्यांपुरती ठेवली, तीही संपूर्ण गुप्ततेची हमी नव्हे हे लक्षात ठेवून. कारखान्याच्या संगणकावरून एकही अर्ज केला नाही, आणि फोन आले तर ते जेवणाच्या सुटीत फाटकाबाहेर जाऊन घेतले. एवढे सगळे सांभाळूनही समोर बसलेला माणूस आपली माहिती कशी वापरेल हे आपल्या हातात नसते, याचा अनुभव मला मे महिन्यात आला.

२२ मे २०२४ रोजी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या रामदासपेठेतील मुख्य कार्यालयात दुपारी ३ वाजता मुलाखत होती. मी ‘वैयक्तिक काम’ एवढेच कारण लिहून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, कारण खोटे आजारपण सांगायचे नाही हे मी आधीच ठरवले होते. नागपूरच्या त्या उन्हात दुचाकीवरून जाऊन मुलाखतीला बसण्यासारखी अवस्था राहिली नसती, म्हणून दुचाकी लोकमान्यनगर मेट्रो स्थानकावर ठेवली, झाशी राणी चौकात उतरले आणि तिथून ऑटो केला. स्वागतकक्षात दोन पानांचा फॉर्म भरायला दिला गेला. त्यात एक रकाना होता: सध्याच्या नियोक्त्याशी संपर्क साधण्यास परवानगी आहे का? मी तिथे ‘नाही’ असे लिहून त्याखाली ‘नियुक्तिपत्र मिळाल्यानंतर चालेल’ अशी ओळ जोडली. मला आत बोलावले तेव्हा ४ वाजून २० मिनिटे झाली होती. उशीर का झाला, हे कोणी सांगितले नाही.

मुलाखत घेणारे गृहस्थ कंपनीचे वित्तप्रमुख होते. माझ्याशी ते पहिल्या वाक्यापासून ‘तू’ म्हणून बोलू लागले. त्यांचा पहिला प्रश्न लग्न झाले आहे का हा होता आणि दुसरा मूलबाळ कधी हा. ‘मार्च एंडिंगला तू सुटीवर गेली तर आम्ही काय करायचं?’ असे त्यांनी विचारले. तेव्हा लागू असलेला समान वेतन कायदा, १९७६ भरतीच्या वेळीही स्त्री म्हणून भेदभाव करण्यास मनाई करत होता हे मला ठाऊक होते, परंतु उमेदवाराच्या खुर्चीत बसून कायदा सांगण्याचे धैर्य त्या क्षणी झाले नाही. ‘सर, कामाबद्दल विचाराल तर बरे होईल,’ एवढेच मी म्हणाले.

मग त्यांनी कामाबद्दल विचारले, परंतु ते माझ्या कामाबद्दल नव्हते. आमच्या कारखान्याला पत्रा देणारा व्यापारी त्यांनाही माल देत असे. आम्ही तो किती भावाने घेतो, उधारी किती दिवसांची मिळते, वर्षाअखेरीस सूट किती मिळते, असे एकामागून एक प्रश्न आले. मी ते आकडे सांगू शकत नाही, असे उत्तर दिले. ‘मग सहा वर्षांचा अनुभव तरी कसला?’ असे ते म्हणाले. मी सांगितले की अनुभव हिशेब ठेवण्याचा आहे, आणि उद्या मी इथे कामाला लागले तर तुमचे आकडेही असेच माझ्यापाशी राहतील. हे मी उद्धटपणे म्हटले नव्हते. आजही मला ते उत्तर योग्यच वाटते.

त्यांनी टेबलावरचा मोबाईल उचलला आणि माझ्यासमोर आमच्या मालकांचा नंबर लावला. तो उचलला गेला नाही. लगेच त्यांनी आमच्या उत्पादन व्यवस्थापकांना फोन लावला आणि हसत म्हणाले, ‘काय भाऊ, तुमची अकाउंट्सवाली मॅडम आमच्याकडे इंटरव्ह्यूला येऊन बसली आहे ना! कशी आहे कामाला? काऊन सोडून चालली?’

माझे हात गार पडले. फोन संपल्यावर मी एवढेच म्हणाले, ‘सर, तो फॉर्म तुमच्यासमोरच आहे. त्यात मी नाही असे लिहिले आहे.’ त्यांनी फॉर्मकडे पाहिलेही नाही. ‘अरे, आपलेच लोक आहेत ते,’ असे म्हणून त्यांनी विषय उडवून लावला. पगारपत्रकाच्या ज्या तीन प्रती मी जोडल्या होत्या त्या परत मागून घेतल्या, मुलाखत इथेच थांबवते असे सांगितले आणि बाहेर पडले.

परतीच्या मेट्रोत मला काय करायचे ते ठरवावे लागले. घरी जाऊन उद्या काय होते ते पाहणे, हा सोपा मार्ग होता. परंतु ही गोष्ट मालकांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळली असती, तर सहा वर्षे त्यांच्या बँक खात्यांचे व्यवहार हाताळणारी बाई लपवाछपवी करते, हा एकच अर्थ त्यातून निघाला असता. मी लोकमान्यनगरहून थेट कारखान्यात गेले. सव्वासहा वाजले होते आणि मालक केबिनमध्येच होते. मी म्हटले, ‘साहेब, आज मी मुलाखतीला गेले होते. तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मला स्वतः सांगायचे होते.’ कारणेही सांगितली: पगार, शिकण्याची संधी, आणि वाढत्या कामाच्या ओझ्याखाली काढलेली दोन वर्षे. आमच्या आकड्यांबद्दल तिथे विचारणा झाली आणि मी ते दिले नाहीत, हेही सांगितले.

ते बराच वेळ गप्प राहिले. ‘मॅडम, आधी माझ्याशी बोलायचं होतं,’ असे म्हणाले. पगाराबद्दल मी दोनदा बोलले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्या दिवशी पुढे काही बोलणे झाले नाही. पुढच्या आठवड्यात बँकेचे माझ्याकडे असलेले अधिकार त्यांनी काढून पुतण्याकडे दिले. मला ते लागले, पण त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते.

त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला मी दोन दिवसांनी ईमेल लिहिला. पहिला मसुदा रागाचा होता, तो पुसून टाकला. दुसऱ्यात केवळ तारीख, वेळ, फॉर्ममधील माझे उत्तर, कोणाला फोन झाला आणि कोणते प्रश्न विचारले गेले एवढेच क्रमाने लिहिले. नऊ दिवसांनी तिथल्या एका अधिकारी बाईंचा फोन आला. त्यांनी मनापासून क्षमा मागितली, तो रकाना उमेदवाराच्या संरक्षणासाठीच ठेवला असल्याचे मान्य केले, आणि दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा मुलाखत द्याल का असे विचारले. मी नम्रपणे नकार दिला. काम त्याच वित्तप्रमुखांच्या हाताखाली करायचे होते.

जूनच्या शेवटी मिहान या नागपूरच्या विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्रातील एका कंपनीची मुलाखत झाली. ती सायंकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉलवर ठेवण्याची सूचना त्यांचीच होती, कारण मी नोकरीत आहे हे त्यांनी लक्षात घेतले होते. दोघांनी मिळून पाऊण तास प्रश्न विचारले. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) वर त्यांचा भर होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीस मिळत नाही, आणि हा नियम नुकताच लागू झाल्यामुळे मार्चमध्ये आम्ही सगळेच त्यात बुडालेले होतो. पुरवठादारांची उद्यम नोंदणी (ते सूक्ष्म वा लघु उद्योग आहेत हे दाखवणारी सरकारी नोंद) गोळा करून मी थकबाकीची यादी कशी लावली ते सांगताना, कोणाचेही नाव वा भाव न घेता आपले काम पुरते समजावून सांगता येते हे मला जाणवले. त्यांनीही नावे विचारली नाहीत.

नियुक्तिपत्र हातात आल्यावर, आणि त्यातील मूळ पगार व रुजू होण्याची तारीख वाचून झाल्यावरच, मी १५ जुलैला राजीनामा दिला. एक महिन्याच्या सूचनाकाळात २० तारखेचे विवरण आणि ३१ जुलैचे टीडीएसचे तिमाही विवरण माझ्याच हातून भरून झाले, आणि पुतण्याला व मदतनीस मुलाला शिकवण्यासाठी मी प्रत्येक कामाची तारीखवार वही लिहून दिली. सेवा सहा वर्षांच्या वर झालेली असल्याने ग्रॅच्युइटीचा हक्क होता: शेवटचा मूळ पगार १६,००० रुपये, त्याचा २६ वा हिस्सा म्हणजे एका दिवसाचा पगार, तो गुणिले १५ दिवस, गुणिले ६ वर्षे, म्हणजे सुमारे ५५,३८५ रुपये. त्यासाठीचा अर्ज, म्हणजे नमुना ‘आय’, मी शेवटच्या दिवशी, १४ ऑगस्टला दिला. ३० दिवसांची मुदत संपण्याआधी रक्कम खात्यात आली. निर्वाह निधीच्या नोंदीत माझी सेवा संपल्याची तारीखही साहेबांनी वेळेत भरली, त्यामुळे नव्या ठिकाणी जुनी शिल्लक वर्ग करण्याचा अर्ज अडला नाही.

१९ ऑगस्टला मी मिहानमध्ये रुजू झाले. सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षण सुरू असताना एका शनिवारी साहेबांचा फोन आला. मार्चमधील एका देयकाची नोंद लेखापालांना सापडत नव्हती. वहीचे पान सांगितले, तरी त्यांचे समाधान होईना, म्हणून रविवारी सकाळी कारखान्यात जाऊन ती नोंद मी स्वतः काढून दिली. निघताना त्यांनी त्या मे महिन्यातल्या फोनचा विषय काढला. त्या कंपनीच्या वित्तप्रमुखांनी नंतर पुन्हा फोन करून माझ्या जागी कोण आले याची चौकशी केली होती, आणि साहेबांनी त्यांना काही सांगितले नव्हते.