एकच किट, दोन रंग

दोन बॅच, घरी बिअर बनवायचा तोच ब्लाँड एलचा (फिकट पिवळ्या बिअरचा) किट, तोच १.७ किलोचा पाकाचा डबा, आणि बिअर बघाल तर एक पेंढ्यासारखी पिवळी आणि दुसरी चक्क कोऱ्या चहासारखी! आधी वाटलं ग्लासचा घोळ असेल, म्हणून दोन्ही सारख्याच ग्लासात ओतल्या आणि मागे पांढरा कागद धरला. फरक होताच.

बाय द वे, फर्मेंटरमधल्या (बिअर आंबवायच्या बादलीतल्या) रंगावरून घाबरू नका. तेवढ्या मोठ्या बादलीत प्रकाशाला खूप जास्त बिअरमधून जावं लागतं, त्यामुळे ती गडदच दिसते, आणि त्यात यीस्ट तरंगत असेल तर गढूळ, फिकट काहीतरी, म्हणजे खरा रंग गाळ तळाशी बसल्यावर ग्लासातच कळतो.

पहिला संशय पाण्यावर. दुसऱ्या वेळी मी २३ लिटरऐवजी २१ वरच थांबलो होतो. पण त्याने माल साधारण दहा टक्के दाट होतो, एवढ्यावर पिवळ्याचा तपकिरी होत नाही.

मग रिकामे डबे कचऱ्यातून काढले (घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे होते) आणि तळाच्या तारखा वाचल्या. दुसरा डबा पहिल्यापेक्षा सव्वा वर्षाने जुना! मॉल्ट एक्स्ट्रॅक्टच्या (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काच्या) पाकात साखर आणि अमिनो ॲसिड दोन्ही असतात, त्यांची मेलार्ड रिॲक्शन (दोघांच्या संयोगाने रंग तपकिरी होत जाणं) बंद डब्यातसुद्धा हळूहळू चालू राहते आणि उकाड्यात तर जोरात. मॉल्ट एक्स्ट्रॅक्टच्या पावडरमध्ये पाणी फारच कमी, म्हणून ती बरीच टिकते. आता आठवतंय, डबा उघडला तेव्हाच पाक मधापेक्षा काळपट होता, पण तेव्हा कोण बघतंय.

पण दुसऱ्या वेळी अजून एक उद्योग केला होता. थोडे जास्तीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकायचे म्हणून अख्खा डबा चार लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळला, आणि एवढा दाट पाक उकळला की तोही गडद होतो, शिवाय ढवळायला जरा उशीर झाला आणि बुडाला थोडं लागलंच. म्हणजे गुन्हेगार दोन.

मग तिसरा डबा आणला, ताज्या तारखेचा. तसाच उकळला, फक्त अर्धा पाक गॅस बंद केल्यावर टाकला आणि बूड खरवडत राहिलो. रंग पहिल्या बॅचपेक्षा थोडासाच गडद आला. तेव्हा माझा तरी अंदाज, जुन्या डब्याचाच हात मोठा. ती चहाच्या रंगाची वाईट नाही हां, जरा टॉफीसारखी गोडसर लागते, फक्त ब्लाँड म्हणून कुणाला देता येत नाही.

मित्राला काही न सांगता दिली तर म्हणाला, "ही कुठली नवीन? पिवळीपेक्षा भारी आहे." आता त्याला पुढची बाटली हवीये आणि सव्वा वर्ष जुना डबा मी कुठून आणू?