जुनी दिल्ली: सकाळी आठला चावडी बाजारात

दिल्लीला गेलेली बहुतेक मंडळी दिवसभर लाल किल्ला, कुतुब मिनार उरकून संध्याकाळी चांदनी चौकात खायला जातात. खरं तर उलटं करायला हवं. इथलं खाणं वेळेला बांधलेलं आहे. सकाळचे पदार्थ दुपारपर्यंत संपतात आणि संध्याकाळी गल्लीत पाऊल टाकायला जागा नसते.

मेट्रोच्या यलो लाइनवर नवी दिल्लीच्या पुढचंच स्टेशन चावडी बाजार. आठ-साडेआठला तिथे उतरा. (चावडी हा शब्द मराठ्यांच्या काळात इथे आला असं सांगतात.) जामा मशिदीच्या दिशेने चालू लागलात की बडशाहबुल्ला चौकाजवळ श्याम स्वीट्स. इथे बेडमी घ्यायची. ही उडदाच्या डाळीचं भरड सारण भरलेली, आपल्या पुरीपेक्षा जाड आणि खरपूस पुरी. सोबतच्या बटाट्याच्या रस्सा भाजीत हिंग भरपूर, कांदा-लसूण अजिबात नाही, आणि बाजूला मेथीदाण्याची चटणी. नागौरी म्हणजे रव्याची छोटी, कुरकुरीत पुरी. ती वरून फोडून आत हलवा, म्हणजे आपला शिराच, भरून खायची. दोघांत एकच प्लेट सांगा. पुढे अजून तीन-चार थांबे आहेत आणि लोक इथेच पोट भरून बसतात.

तिथून नई सडक, मग उजवीकडे मालीवाड्यातून किनारी बाजार. थंडीत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, या भागात पांढऱ्या जाळीखाली मोठं परातीएवढं ताट घेऊन बसलेले विक्रेते दिसतील. ती दौलत की चाट. नावात चाट असली तरी हा गोड पदार्थ: रात्रभर गारव्यात ठेवलेलं दूध पहाटे घुसळून काढलेला फेस, वर खवा, बुरा (पिठीसाखरेसारखी भुरभुरीत साखर), केशर, पिस्ता. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून सकाळीच खा. उन्हाळ्यात शोधत फिरण्यात अर्थ नाही.

वाट चुकणार हे धरून चाला. गुगल मॅपचा निळा ठिपका या चिंचोळ्या गल्ल्यांत भरकटतो. त्यापेक्षा पाट्या वाचायला शिका. कटरा म्हणजे मध्ये अंगण आणि भोवती एकाच धंद्याची दुकानं. कूचा ही वस्तीची गल्ली, बऱ्याचदा पुढे बंद. छत्ता म्हणजे डोक्यावर घर असलेला बोळ. किनारी बाजारातलं नौघरा आवर्जून बघा: नऊ जुनी घरं, रंगवलेले दरवाजे, टोकाला जैन मंदिर. लोक तिथे राहतात, त्यामुळे आवाज कमी आणि फोटो विचारून.

पराठेवाली गली जरा नावावरच चालते. पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तुपात तळतात. चवीपुरता एक पुरे. किनारी बाजार संपतो तिथे दरीबा कलान, आणि दरीब्याच्या चांदनी चौकाकडच्या तोंडाशी १८८४ पासूनचं जलेबीचं दुकान. आपल्या जिलबीच्या मानाने जाडजूड आणि तुपकट, त्यामुळे एका माणसाला दोन वेढे खूप झाले. जवळचं गौरीशंकर मंदिर मराठा सरदार आपा गंगाधर यांनी बांधलं असं सांगतात.

चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे. फतेहपुरी मशिदीपर्यंत सव्वा किलोमीटरच्या आसपास अंतर; पाय दुखले तर सायकलरिक्षा, पण भाडं बसण्याआधी ठरवा. वाटेत शीशगंज गुरुद्वारात डोकं झाकून जाता येतं. स्वच्छतागृहाचं काम मात्र मेट्रो स्टेशनातच उरकलेलं बरं.

फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. लाल मिरचीच्या खाटाने हमखास खोकला येतो, रुमाल हातात ठेवा. मागून हमाल किंवा हातगाडी आली की भिंतीला चिकटा. त्यांना थांबणं जमत नाही. रविवारी इथली आणि किनारी बाजाराची बरीच दुकानं बंद असतात, सोमवारी लाल किल्ला बंद. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत.

शेवटी रिक्षाने परत चावडीकडे या आणि सीताराम बाजारातला कूचा पातीराम विचारा. कुरेमलची कुल्फी तिथे. आंब्याची कोय काढून आत रबडी भरतात, अख्खा आंबा गोठवतात, मग साल काढून फोडी समोर येतात. मोठा आंबा दोघांत पुरतो.