एका हौदात इतके शिकारी मासे कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाषाणला आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी प्रश्न येतो, 'एका हौदात हे एवढे मांसाहारी मासे, एकमेकांना खात कसे नाहीत?'

खातात की! फक्त जो तोंडात मावेल त्याला. मरळ काय, वाम काय, भक्ष्य अख्खं गिळणारी जात. म्हणून मासा शांत की तापट हे मी नंतर बघतो, आधी माप बघतो. मरळी सगळ्या एका मापाच्या, एकाच वेळी सोडलेल्या. वामी रात्रीच्या, दिवसभर चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांत पडून असतात. पाइप वामींपेक्षा जास्त ठेवायचे, नाहीतर जागेवरून जुंपते. पावसाळ्यात मरळीची जोडी जमली की मात्र माप वगैरे विसरा. पिल्लांच्या राखणीला बसलेली मरळ हौदाचा अर्धा भाग आपलाच समजते, माझा हातसुद्धा तिला चालत नाही.

पण खरं सांगू? भांडणापेक्षा पाण्याने जास्त मासे मरतात. हौद 15 बाय 10 फूट, साडेचार फूट खोल, म्हणजे साधारण 19 हजार लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. मांसाहारी मासा प्रथिनं खातो आणि अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाणी बदलूनच काढावं लागतं. त्या जिवाणूंना सतत ऑक्सिजन हवा. आता आपल्या पुण्यात गुरुवार आला की दुरुस्तीसाठी वीज गेलीच म्हणायची. मरळ वर येऊन हवा घेते, तिचं भागतं. बंद पडलेल्या फिल्टरमधल्या जिवाणूंचं काय? त्यामुळे घरातला टीव्ही इन्व्हर्टरवर नाही, हौदाचा एअरपंप आहे. (यावर घरात काय बोललं जातं ते विचारू नका.) नळाचं पाणी हायपो (क्लोरीन काढणारं सोडियम थायोसल्फेट) टाकल्याशिवाय सोडत नाही, आणि वर जाळी कायम. मरळ उडी मारते, ओल्या जमिनीवरून सरपटतही जाते.

पुढचा प्रश्न ठरलेला: 'रेडटेल कॅटफिश का नाही ठेवत?' तो ॲमेझॉनचा मासा. पाषाणला जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, उघड्या हौदात तो कसा टिकेल? 'मग ॲलिगेटर गार मासा?' त्याला थंडी चालते. अडचण दुसरीच आहे. दुकानात तो वीतभर असतो, वाढून सहा फुटांच्या पुढे जातो. मग लोक विचारतात, तलावात सोडला तर? अजिबात नाही. घरच्या टाक्यांतला, काच साफ करणारा सकर मासा उजनी धरणात पोचला, आता तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. गार आणायचाच असेल तर मोठा झाल्यावर तो कोण घेणार, हे आधी ठरवून ठेवा. मी घेणार नाही.