पेपर सोडणार नाही

सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो, मालाच्या पट्ट्या म्हणजे बिलं काढतो, सोबत एम.कॉम. चालू आहे. उद्या जळगावला पेपर. सुट्टीचा अर्ज केव्हाच दिलेला. आज वजनकाट्याजवळ, सगळ्या हमालांसमोर शेठ ओरडले, "उद्या गाड्या भरायच्यात, पट्ट्या तुझा बाप काढेल का?"

डोक्यात तिडीक गेली. मला बोला, वडिलांना मध्ये कशाला आणता? २०१७ च्या दुकाने कायद्यात वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. आम्ही चोवीस जण आहोत. भीक नाही मागत.

"शेठ, आजच्या पट्ट्या पूर्ण करूनच घरी जाईन, पण पेपर देणारच."

"मग परवा येऊ नको."

परवा जाणार आहे. महिन्याचा पगार बाकी आहे.