सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

2018 साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं देशभर नशेची पाहणी केली. काम दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या व्यसन उपचार केंद्राकडं होतं आणि दारोदार फिरणाऱ्यांत मी होतो. दहा ते पंचाहत्तर वयाच्या माणसांना दारूपासून गांजा, अफू, हुंगायच्या थिनरपर्यंत सगळं विचारायचं. असले प्रश्न घेऊन परक्याच्या ओसरीवर बसणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही.

त्या घरात सुनेनं पाणी दिलं आणि विषय ऐकताच सांगून टाकलं, “आमच्यात सुपारीच्या खांडाचंबी व्यसन नाही. चहा घेतात तेवढा.”

“मला इचारा की,” बाजेवरून आजोबा म्हणाले. सून तडक आत गेली.

म्हातारा मोकळा गडी. गांज्याची चिलीम तरुणपणापासून, मठात भजनाला जायला लागल्यापासून. प्रश्नावलीत पुढं होतं, गेल्या तीन महिन्यांत ओढायची तीव्र इच्छा किती वेळा झाली? “तल्लफ व्हय? आत्ता झाली की, तुम्ही नाव काढलं म्हणून!” जवळच्या कुणी याबद्दल काळजी बोलून दाखवली का? “सून रोज बोलती. पण ती काळजी न्हाई, भांडण हाय.” हे कुठल्या रकान्यात घालायचं? प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. आजोबांनी जरा विचार केला. “मग लिवा काळजी. ती बी करतीच म्हणा.” अशा उत्तरांच्या गुणांवरून नुसतं सेवन कुठलं आणि उपचार लागावेत असं कुठलं, ते ठरतं.

मग नातू. अकरावीतला, मिसरूड फुटलेला. अठराच्या आतल्यांना आधी पालकांची परवानगी, मग त्यांची स्वतःची, आणि मुलाखत एकट्यात. आईनं सही दिली, पण हलेना. “माझ्यासमोर इचारा. त्याला काय लपवायचंय?” तिच्यासमोर विचारलं असतं तर सगळीकडं ‘नाही’ आलं असतं आणि कागद अगदी स्वच्छ दिसला असता. शेवटी माझ्यासोबतच्या ताईंनी तिला मागच्या दारी नेलं आणि तिचीच मुलाखत सुरू केली.

“नाव लिहिणार?” पोरानं विचारलं. नाही, फक्त क्रमांक. “पोलिसांना?” नाही.

भांगेचा प्रश्न वेगळा होता. त्यावर तो लगेच म्हणाला, “शिवरात्रीला घेतलीय, सगळेच घेतात.” गांज्याच्या प्रश्नावर मात्र मागच्या दाराकडं बघत राहिला. झाड एकच, पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे शेंडे. नुसती पानं, ज्यांची भांग होते, त्या व्याख्येत येत नाहीत. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोराला कलम ठाऊक असण्याचं कारण नाही, पण कुठलं मोठ्यानं बोलायचं आणि कुठलं नाही, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

“आजोबांची चिलीम मीच भरतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पेटवून द्यायची असते. तेव्हा एक झुरका.” आठवड्यातून किती दिवस? त्यानं आधी तीन बोटं दाखवली, मग चौथं उघडलं. बाहेरून पुडी कधी घेतलेली नव्हती. मित्रांतही नाही. “आजोबांनी माझं काय सांगितलं?” असंही विचारलं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, असा आमचा दंडक. मी पुढचा प्रश्न वाचला.

2019 च्या फेब्रुवारीत अहवाल आला. दोन लाख घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. वर्षभरात गांजा, चरस, भांग यांतलं काहीतरी घेतलेले 2.8 टक्के, म्हणजे 3.1 कोटी. त्यात भांगवाले 2.2 कोटी, गांजा-चरसवाले 1.3 कोटी; काही दोन्हीकडं मोजलेले. मोठ्यांत 3.3 टक्के, दहा ते सतरा वयात 0.9. मोठ्यांचा आकडा मला पटतो. पोरांचा वाचताना वाटतं, यातल्या किती घरांत आई उठून मागच्या दारी गेली असेल? पुरत्या आहारी गेलेले घरी सापडत नाहीत, हे जाणून त्यांच्यासाठी निराळी पाहणी होती. एका व्यसनीनं दुसरा आणायचा, अशी साखळी. ओसरीवरच्या पोरासाठी तसं काही नव्हतं.

निघताना आजोबांनी हाक मारली. सरकारी माणूस म्हणून त्यांचंही एक काम होतं: श्रावणबाळचे पैसे थांबलेत, तेवढं लिहून घ्या. आमच्याकडं त्याचा रकाना नाही म्हटल्यावर ते चिडले. “मग एवढं इचारलं कशाला?”