तात्यांची प्रिया पासिंगला

जुनी दुचाकी पासिंगला, म्हणजे आरटीओकडं तपासून पुन्हा नोंदवायला, न्यायची म्हटली की मी सगळ्यात आधी चासी नंबर बघतो. बंद पडलेलं इंजिन चालू करता येतं, ब्रेक लागत नसेल तर लायनर बदलता येतात, पण पत्र्यावर ठोकलेला नंबर गंजून गेला असेल तर मेस्त्रीच्या हातात फार काही उरत नाही. आरसी बुकावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला तरच ती सरकारदरबारी गाडी. तात्यांची स्कूटर माझ्याकडे आली तेव्हा नेमकं हेच कोडं घेऊन आली होती.

माझं गॅरेज साताऱ्यात, गोडोलीच्या बाजूला. वडिलांनी सुरू केलेलं. मी त्यांच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागलो तेव्हा दारात स्कूटरींची रांग असायची आणि त्यात प्रिया हमखास. प्रिया आमच्या गावची गाडी. १९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, एमआयडीसीत कारखाना उभा राहिला आणि साताऱ्यात स्कूटर बनायला लागली. तो जमाना नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचा. ज्याला धीर नसेल तो दुसऱ्याच्या नंबरावर 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, मोजून गाडी घ्यायचा. लग्नाच्या बोलणीत स्कूटरीचा विषय निघायचा. अशा काळात आपल्याच गावात बनलेली गाडी आपल्या दारात उभी असणं म्हणजे काय, ते वडील फार रंगून सांगायचे. २००६ च्या सुमारास तिथलं स्कूटर बनवणं थांबलं. तोवर रस्त्यावर बिनगिअरच्या गाड्यांचं राज्य आलं होतं, आणि माझ्या गॅरेजातल्या पोरांना आता पॉइंटमधला गॅप कसा लावायचा हेही ठाऊक नाही.

तात्या त्या कारखान्यातले. असेंब्ली लाइनवर इंजिन बसवायच्या कामावर होते, तिथूनच निवृत्त झाले. वय सत्तरीच्या पुढं. त्यांची स्वतःची प्रिया एमएच सिरीज सुरू व्हायच्या आधीची, म्हणजे १९८९ च्या अलीकडची नव्हेच; नंबरप्लेटवर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं चार आकडे, पेंटरच्या हातचे. त्या सकाळी ती छोट्या हत्ती टेम्पोतून उतरली. सोबत पुण्यात नोकरीला असलेला मुलगा.

"पासिंग संपलंय. पुढच्या पाच वर्षांचं करून घ्यायचं," तात्या म्हणाले.

मुलगा मला बाजूला घेऊन गेला. "दादा, तुम्हीच सांगा त्यांना. पावसाळ्यात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं उतरताना ब्रेक लागला नाही, घसरले. मनगट प्लास्टरमध्ये होतं. आणि खर्च बघा." त्याने मोबाइलवर हिशेबच मांडला होता. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ३०० वरून १००० रुपये झालं होतं. मुदत उलटून गेल्यावर दरमहा ३०० रुपये दंड होता. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, माझी मजुरी, सुटे भाग. भंगारवाला देईल त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होत होती. मुलाचं बोलणं खोटं नव्हतं. स्कूटरीचे ड्रमब्रेक पाण्यात भिजले की पहिले काही क्षण धरत नाहीत, आणि सातारा म्हणजे चढ नाहीतर उतार. मी ते तात्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. म्हणून तर तुझ्याकडं आणली. लायनर दोन्हीकडचे नवे टाक."

मग मी इंजिनाकडचं पॅनेल काढलं.

आतला पत्रा बघून मी गप्पच झालो. मध्ये कधीतरी कुणा पेंटरनं सगळी गाडी रंगवताना आतल्या अंगालाही लांबी (पुट्टी) फासून वर जाड रंगाचा थर दिला होता. त्याखाली गंज फुगला होता. नंबराच्या जागी नुसते खवले. इंजिन नंबर ठीक होता, तो ॲल्युमिनियमच्या ओतीव भागावर असतो, घासलेटनं पुसला की दिसतो. चासी नंबराची मात्र एकही रेघ डोळ्यांना दिसत नव्हती.

अशा वेळी ग्राइंडर लावायचा मोह होतो. तो लावायचा नाही, कधीच नाही. ग्राइंडरची चाकी गंजाबरोबर आकडेही घेऊन जाते, आणि नंबराच्या जागी ताज्या घासणीच्या खुणा दिसल्या की चोरीच्या गाडीचा संशय येतो. नंबराशी खेळणं हा गुन्हाच आहे. तिथं हातच चालवावा लागतो. आधी पेंट रिमूव्हर, तो रंग फुगवून सैल करतो. मग लाकडी पट्टीनं हलकं खरवडायचं. मग घासलेटचा बोळा. मग बारीक पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून, एका बोटाच्या दाबानं.

मी खाली बसून घासत होतो. तात्या स्टूल ओढून शेजारी बसले आणि डोळे मिटून नंबर म्हणायला लागले. पूर्ण नंबर, सुरुवातीच्या अक्षरांसकट. आरसी बुक मुलाच्या हातात होतं. त्यानं ते उघडून बोट ठेवत ठेवत जुळवलं आणि वडिलांकडं बघतच राहिला. त्यांच्या तोंडून एकही आकडा चुकला नव्हता.

"शेवटचा सात वाकडा असंल बघ," तात्या मला म्हणाले. "पंच तिरका बसलाय. डावीकडं कललाय."

अजून एकही आकडा धड दिसत नव्हता. मी घासत राहिलो. आधी एक आडवी रेघ आली, मग तिच्या टोकाला खाली उतरणारी दुसरी. सात. आणि खरंच डावीकडं कललेला, शेजारच्या आकड्यांच्या ओळीतून जरा खाली घसरलेला. गॅरेजमधली पोरं हातातली कामं टाकून भोवती जमली. कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. एवढ्या वर्षांच्या रंगाखाली, लांबीखाली आणि गंजाखाली तो आकडा तात्यांनी सांगितल्याबरहुकूम बसला होता.

मी विचारलं, "तात्या, हे तुम्हाला कसं काय लक्षात?"

"गाडी घरी आणली त्या रात्री पॅनेल काढलं होतं," ते म्हणाले. "बायको म्हणाली, नवीकोरी गाडी, लगीच काय उघडताय? मी म्हणलं, मला बघायचंय आपल्या वाट्याला कुठली आलीय. दिवसभर लाइनवर गाड्या जायच्या समोरनं. इंजिनाचा लांब बोल्ट टाकायचा, आवळायचा, पुढं ढकलायची. आपली कुठली, कळणार कसं? बोल्ट माझ्याच हातचा असंल तर आवळणी मी वळखतो. बघितलं. माझीच हुती."

प्रियाचं इंजिन चासीला एका लांब बोल्टावर टांगलेलं असतं, बाकी भार मागच्या शॉकॲब्सॉर्बरवर. सगळी गाडी त्या बोल्टावर जगते म्हटलं तरी चालेल. आवळणी ओळखल्याचं तात्या सांगतात ते खरं असेल का, हे तपासायचं मला काही कारण नाही. तो माणूस त्या गाडीवर बसताना आपण स्वतः घडवलेल्या वस्तूवर बसत होता, इतकं मला पुरे आहे. गाडीचा अभिमान मी रोज बघतो. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून गाड्या येतात, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहून घेणारे येतात, पहिल्या पगाराच्या हप्त्यावर घेतलेली मोपेड धुऊन झाल्यावर पुन्हा स्वतःच्या ओढणीनं पुसणारी पोरगी येते. त्यातलं काहीच मला खोटं किंवा वायफळ वाटत नाही. माणूस पोटाला चिमटा काढून जे घेतो त्याच्यावर जीव टाकणारच. पण चासी नंबर तोंडपाठ असलेला मालक मी तात्यांखेरीज दुसरा पाहिला नाही.

मुलानं मोबाइल खिशात टाकला होता. तो खाली वाकून त्या साताकडं बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "दादा, काय लागेल ते करा. ब्रेक मात्र एकदम चांगला करा."

पुढची कामं सवयीची. हेड काढून कार्बन खरवडला, सायलेन्सर जाळून मोकळा केला, पॉइंट-कंडेन्सर बदलला, गिअर-क्लचच्या केबल नव्या ओवल्या, दोन्ही चाकांत लायनर टाकले. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलि टू-टी ऑइल. पीयूसीची मला धास्ती होती, पण २००० सालाआधीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे आणि कार्बोरेटर नीट लावल्यावर ती त्याच्या बरीच आत बसली. उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज परत धरू नये म्हणून मी नंबरावर फक्त पातळ पारदर्शक लॅकर मारला. रंग नाही, लांबी तर नाहीच.

पासिंगच्या दिवशी नंबराची छाप घ्यायची होती. शिसपेन्सिलीची पूड आकड्यांवर हलकी घासायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवायची, अलगद उचलायची आणि फॉर्मवर डकवायची. तात्या म्हणाले, मी घेतो. मला काळजी वाटली, कारण त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे. पण नंबरावर हात गेला आणि तो स्थिर झाला. पट्टी उचलली तेव्हा सगळे आकडे काळेभोर, स्वच्छ, आणि शेवटचा सात कललेला.

निरीक्षक बाई वयानं तरुण होत्या. त्यांनी छाप आरसीशी जुळवली, मग वाकून प्रत्यक्ष गाडीवरचा नंबर टॉर्च लावून पाहिला. त्या साताशी थबकल्या, हे मला कळलं. कललेल्या आकड्यावर कुणालाही शंका येईल. मी काही बोलायच्या आत तात्या पुढं झाले.

"मॅडम, तो मुळातच तसा हाय. कारखान्यातनं."

"तुम्हाला कसं माहीत आजोबा?"

"मी तिथंच हुतो."

बाईंनी पुन्हा बघितलं. ठोक जुना होता, आकड्याच्या खोबणीत बसलेला गंजाचा काळपटपणा जुना होता, आजूबाजूच्या पत्र्यावर ग्राइंडरची एक रेघही नव्हती. जाणकार नजरेला एवढं पुरतं. "चालू करून दाखवा," त्या म्हणाल्या.

तात्यांनी स्कूटर डावीकडं कलती केली, क्षणभर तशीच धरली, सरळ केली, चोक ओढला आणि किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन बोललं. टू-स्ट्रोकचा तो कोरडा, ठसठशीत आवाज त्या आवारात घुमला आणि पासिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या पिकअपचे दोन ड्रायव्हर चालत जवळ आले. एक जण म्हणाला, "आमच्या आबांची हुती अशी." तात्यांनी लगेच त्याला इंडिकेटर नसलेलं हँडल, डिकी, स्टेपनी असं एकेक दाखवायला सुरुवात केली. मान ताठ, आवाज चढा. प्लास्टरमधून निघालेलं मनगट कुणाला आठवलंही नसतं. बाई कागदांवर सह्या करता करता हसत होत्या. मग त्यांनी आवारातच ब्रेक तपासला आणि गाडी पास झाली.

परतताना मुलानं स्कूटर चालवायला मागितली. गिअर हातात असतात हे त्याला माहीत होतं, पण कधी टाकले नव्हते. तात्यांनी त्याला आवारातच दोन फेऱ्या मारायला लावल्या. क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली. प्रत्येक वेळी तात्या ओरडले, "सावकाश सोड, सावकाश!"

तिसऱ्या वेळेनंतर मुलगा उतरला आणि मला म्हणाला, "दादा, आता आलोच आहोत तर ट्रान्स्फरचे फॉर्मपण घेऊन टाकू का? माझ्या नावावर करून घेतो. नंतर धावपळ नको."

मी तात्यांकडं पाहिलं. ते हँडल पुसत होते.

"माझ्या मागं कर," ते म्हणाले. "मी हाय तवर बुकात माझंच नाव राहील. तुला शिकायची असंल तर येत जा रविवारी. उतारावर न्हाई नेणार मी आता, एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवतो. आन येताना टू-टीची बाटली आण, इथं महाग लावत्यात."