पाचव्या नंबरचं बिल

आमच्या शेजारचे आजोबा उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पोर्चमध्ये रेडिओ लावून बसतात. घरात भला मोठा टीव्ही आहे, पण बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमची मॅच रेडिओवरच ऐकायची हा त्यांचा नेम. मी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला गेले की न विचारता स्कोअर सांगतात, आणि मधली तीनचार वर्षं तर स्कोअरच्या मागोमाग एक शिवी पण यायची, ती हायम ब्लूमच्या नावाने.

हा ब्लूम ना बॅट धरतो ना बॉल टाकतो. बेसबॉलमधला मॅनेजर वेगळा, तो मैदानाच्या कडेला डगआउटमध्ये बसून कोणाला कधी खेळवायचं ते ठरवतो, आणि जनरल मॅनेजर वेगळा, तो वर ऑफिसात बसून टीम जमवतो. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाला किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं हे सगळं त्याच्याकडे. आयपीएलच्या ऑक्शन टेबलवर पॅडल घेऊन बसतात ना, साधारण ते काम, फक्त वर्षभर चालणारं. बॉस्टनमध्ये त्या खुर्चीची पाटी बदलत असते, कधी जनरल मॅनेजर, कधी प्रेसिडेंट, कधी चीफ बेसबॉल ऑफिसर, पण शिव्या खायची जागा तीच.

ब्लूम त्या खुर्चीत ऑक्टोबर 2019 मध्ये आला आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्याला काढलं. चार सीझन, त्यातले तीन पाचव्या नंबरवर, आणि आमच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, टीमच पाच आहेत. निकाल उघड आहे असं मलाही वाटायचं. पण मी ऑफिसात दुसऱ्याने अर्धवट टाकून दिलेलं प्रोजेक्ट गळ्यात घेऊन बसलेली बाई, त्यामुळे माझं लक्ष आपोआप आधी त्या खुर्चीत कोण होतं तिकडे जातं.

आधी होते डेव्ह डोंब्रावस्की. त्यांनी 2018 मध्ये 108 मॅच जिंकणारी टीम उभी केली, वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात मोठी ट्रॉफी, आणली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, सप्टेंबर 2019 मध्ये, आमच्या कट्टर वैऱ्यांकडून, न्यूयॉर्कच्या यँकीजकडून, हरल्यावर मध्यरात्रीच्या सुमाराला त्यांना काढल्याची बातमी आली. आजोबा अजून म्हणतात की असा माणूस काढतात का! पण जिंकायला डोंब्रावस्कींनी खर्च कसा केला तेही बघा. डेव्हिड प्राइस या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, 7 वर्षांचे 217 मिलियन डॉलर, मग मार्च 2019 मध्ये ख्रिस सेल या दुसऱ्या पिचरला 5 वर्षांचे 145 मिलियन, आणि सेलचं कोपर लगेच गेलं, 2020 पूर्ण आणि 2021 बरंचसं तो मैदानाबाहेर. म्हणजे लग्न एकाने थाटात लावलं, पंगती उठल्या, लोक ढेकर देत घरी गेले आणि केटररचं बिल घेऊन दारात उभा राहिला तो पुढच्या माणसाच्या. करून गेला गाव, म्हणतात तसं.

बरं, ती 2018 ची टीम तरी सगळी डोंब्रावस्कींची होती का? टीमचा स्टार मुकी बेट्स 2011 च्या ड्राफ्टमधला (ड्राफ्ट म्हणजे टीमनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायची), म्हणजे त्याच खुर्चीतल्या थिओ एपस्टाइनच्या काळातला. बोगार्ट्स पण तेव्हाचाच. डेव्हर्स आणि बेनिनटेंडी एपस्टाइननंतरच्या बेन चेरिंग्टनच्या वेळचे, आणि चेरिंग्टनच्या नावावर 2013 च्या ट्रॉफीसोबत तीन वेळा शेवटचा नंबर पण आहे. असं उसवत गेलं की एकाही सीझनचा एक मालक सापडत नाही, आणि शेवटी मी फोन बंद करून कुकर लावते.

म्हणून ब्लूमला सोडायचं का, तर तसंही नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये मुकी बेट्सला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला दिला, ते पाप कोणाचं? लक्झरी टॅक्सच्या मर्यादेखाली या असं मालकांच्या मनात होतं, म्हणजे खेळाडूंच्या पगारावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च केला की दंड लागतो, लागोपाठ वर्षं मर्यादा ओलांडली की दंडाचा दर चढत जातो, आणि पैसे मालकांचेच. ते ब्लूमवर टाकणं मला पटत नाही. पण विकायलाच लावलं तर त्या बदल्यात काय घेऊन आलात हे तर तुमचंच काम ना! आले व्हर्डुगो, वाँग आणि जीटर डाउन्स. डाउन्सचं नाव यँकीजचा स्टार डेरेक जीटर याच्यावरून ठेवलेलं, बॉस्टनमध्ये, हे म्हणजे फारच. तो इथे जेमतेम 14 मॅच खेळला. तिकडे मुकी पहिल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकून मोकळा.

आणि 2022 ची ट्रेड डेडलाइन, म्हणजे सीझनमध्ये खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख, ती मात्र पूर्ण ब्लूमची. टीम ह्यूस्टनमध्ये होती, कॅचर वास्केझ मैदानात प्रॅक्टिस करत होता आणि त्याला कळलं की आपल्याला समोरच्याच टीमला दिलंय! म्हणजे विकायचं ठरलं म्हणावं, तर त्याच वेळी दुसरे खेळाडू आणतायत. धड विक्री नाही, धड खरेदी नाही. त्या वर्षी टॅक्सची मर्यादाही थोडक्यात ओलांडली आणि पाचवा नंबरही आला. घरात दिवाळीची साफसफाई निम्मी करून सोडली की जी अवस्था होते ती. याला वारसा वगैरे कारण चालणार नाही. 2021 मध्ये यँकीजना हरवून हीच टीम पार लीगच्या फायनलपर्यंत गेली होती, ते आजोबा कधी काढत नाहीत, पण मी तरी किती वेळा आठवण करून देणार.

परवाच्या नाही, 2025 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. रोमन अँथनी नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा नुकताच मुख्य टीममध्ये आला होता आणि रेडिओवर त्याने काहीतरी जोरदार मारलं, कारण आजोबा खुर्चीतून उठून उभे. "हा नवीन बॉस बरा दिसतोय," म्हणाले. नवीन बॉस म्हणजे ब्लूमच्या जागी आलेला क्रेग ब्रेस्लो. मी डबा ओढता ओढता म्हटलं, आजोबा, हा 2022 च्या ड्राफ्टमधला, 79 वा नंबर, हा तुमच्या ब्लूमने घेतलाय. आणि तो मार्सेलो मेयर पण. 2020 ला आपण तळाला गेलो म्हणून ड्राफ्टमध्ये चौथा नंबर मिळाला, त्यात तो आला.

ते थोडा वेळ गप्प. रेडिओवर जाहिरात लागली.

"असेल," म्हणाले, "पण मुकी कोणी दिला?" आणि मला माझा रिसायकलिंगचा डबा उलटा लावलाय म्हणून दाखवलं.